वेल फुलतो, पण फळ का धरत नाही?

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत व खालापूर या तालुक्यांत भात हे मुख्य पीक असले, तरी परसातील मांडवावर चढविलेला वेल हा येथील कुटुंबांचा जुना आधार होय. पावसाळ्यात शिराळी, पडवळ, काकडी व कारली, तर पाण्याची सोय असेल तेथे उन्हाळ्यात दुधी व लाल भोपळा लावला जातो. या वेलांबाबत एक तक्रार नेहमीची आहे: वेल भरभरून फुलतो, पण फळ धरत नाही. अशा वेळी आळ्यात युरिया टाकला जातो किंवा कीटकनाशक फवारले जाते. पहिल्या उपायाने वेल पानावरच जातो; दुसऱ्याने फळधारणेस साह्य करणाऱ्या मधमाश्या मरतात. म्हणून खर्च करण्यापूर्वी फूल पाहणे अगत्याचे आहे.

नर फूल आणि मादी फूल

या वर्गातील बहुतेक पिकांत एकाच वेलावर नर व मादी अशी वेगळी फुले येतात. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ दिसते. नर फुलाचा देठ सरळ असतो. आरंभी नर फुले येतात आणि ती गळून पडणे स्वाभाविक असते. मादी फुले त्यानंतर काही दिवसांनी दिसू लागतात. तीव्र उष्णता व नत्राचा अतिरेक यांमुळे त्यांचे प्रमाण घटते. मादी फुले दिसत नसतील, तर नत्रखत थांबवून वाट पाहावी.

मादी फुले येऊनही फळ पिवळे पडून सुकत असेल, तर ते कापून पाहावे. आत अळ्या असल्यास तो फळमाशीचा उपद्रव होय. अशी फळे गोळा करून खोल पुरावीत व क्यू-ल्युअरचे सापळे लावावेत. फळावर डंख नाही, आत अळी नाही, तरीही ते सुकत असेल, तर परागीभवन झाले नसण्याचा संभव अधिक.

फुलण्याची वेळ

भोपळ्याचे परागकण जड व चिकट असल्याने ते वाऱ्याने वाहून जात नाहीत. मधमाशीच ते नेते. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते व दुपारपूर्वी मिटते. काकडी व कारलीही सकाळीच फुलतात. सतत पाऊस असल्यास मधमाश्या बाहेर पडत नाहीत व परागकण भिजून निकामी होतात. कोकणातील पावसाळ्यात फळधारणा कमी होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

याउलट दुधी, पडवळ व शिराळे सायंकाळी फुलतात. दुधीच्या पांढऱ्या फुलांवर रात्री पतंग येतात. त्यामुळे ‘फवारणी संध्याकाळी करावी’ हा सर्वसाधारण सल्ला भोपळ्यास लागू पडला, तरी दुधी-शिराळ्यांस घातक ठरतो. मांडवावर दोन्ही प्रकारचे वेल एकत्र असतील, तर फुलोऱ्याच्या काळात फवारणी शक्यतो टाळावी.

यावर हाताने परागीभवन हा बिनखर्चाचा उपाय आहे. नुकतेच उमललेले नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात व आतील पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. एका नर फुलावर दोन-तीन मादी फुलांचे काम भागते. भोपळ्यासाठी हे काम सकाळी लवकर, तर दुधीसाठी सायंकाळी करावे.

कर्टोलीचा निराळा नियम

पावसाळ्यात ठाकर व कातकरी कुटुंबे रानातून कर्टोली आणून विकतात. या वेलाचा कंद परसात लावला आणि तो केवळ फुलत राहिला, तर खताचा दोष मानू नये. कर्टोलीत नर व मादी वेलच स्वतंत्र असतात. नर वेलाला फळ कधीच येत नाही आणि एकटा मादी वेलही निष्फळ राहतो. फुलोऱ्यात वेल ओळखून खूण करावी व सुमारे आठ-दहा मादी वेलांमागे एक नर वेल राखावा.

शाळा व पंचायत यांचे कार्य

शाळेच्या बागेत आठवडाभर रोज नर व मादी फुलांची मोजणी केल्यास हा विषय विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचेल. ग्रामसभेत फवारणीच्या वेळेची चर्चा व्हावी. महाबळेश्वर येथील मध संचालनालयाकडून मधमाशीपालनाविषयी, तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठाकडून ‘कोकण तारा’ कारले व ‘कोकण हरिता’ शिराळे यांसारख्या वाणांविषयी मार्गदर्शन घेता येते. विद्यापीठाचे प्रादेशिक संशोधन केंद्र कर्जत येथेच आहे. फूल ओळखणारा शेतकरी युरियाचा खर्च वाचवितो, मधमाशी जगवितो आणि घरच्या ताटात भाजीही राखतो.