कड्यावरची पायवाट

मुलांनो, समुद्रकिनारी फिरायला तुम्हांला आवडते ना? पण काठाकाठाने रोज चालत राहिलो, तर किती दूर जाता येईल? इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर अशी एक पायवाट आहे. ती माइनहेड या गावापासून पूल या बंदरापर्यंत जाते. तिची लांबी १०१४ किलोमीटर आहे. सगळी वाट चालायला अनेकांना सात-आठ आठवडे लागतात.

ही वाट कोणी पाडली? पूर्वी तिकडे परदेशी दारू, चहा, तंबाखू यांवर भारी कर असे. तो चुकवण्यासाठी चोरटे व्यापारी रात्री आडबाजूच्या किनाऱ्यावर माल उतरवत. त्यांना पकडण्यासाठी रक्षक गस्त घालत. १८२२ साली या किनारा-रक्षकांचे एक दल झाले. खालचा प्रत्येक कोपरा दिसावा, म्हणून ते अगदी कड्याजवळून चालत. त्यामुळेच ही वाट किनाऱ्याच्या प्रत्येक वळणाबरोबर वळते, चढते आणि उतरते.

चला, या वाटेवर आपण एक दिवसाची मजल मारू या. सेनन कोव्ह ते पोर्थकर्नो हे अंतर सुमारे १० किलोमीटर आहे. चढउतारांमुळे त्याला चार तास तरी लागतील. पाणी, खाऊ, नकाशा आणि पावसाळी कोट बरोबर घ्या. ओकच्या फळाचे चित्र असलेल्या खुणा पाहत चला.

थोड्याच वेळात ‘लँड्स एंड’ येते. हे इंग्लंडच्या मुख्य भूमीचे पश्चिम टोक. समोर खडकावर दीपगृह दिसते. इथे फोटोसाठी कड्याच्या टोकावर जाऊ नका. लाटा कडा खालून पोखरतात. वरून घट्ट दिसणारी माती एकदम ढासळू शकते. कडा ढासळला, की तिथली वाट आत सरकवावी लागते. वारा जोराचा असेल किंवा दाट धुके आले, तर पुढे जाण्याचा हट्ट धरू नका. मागे फिरणे हा भित्रेपणा नव्हे.

पुढे ग्वेनॅप हेडवर दोन मोठे शंकू उभे आहेत. एक लाल, दुसरा काळा-पांढरा. समुद्रात जवळच एक घातक खडक आहे. लाल शंकूमागे काळा-पांढरा शंकू पूर्ण झाकला गेला, तर जहाज त्या खडकावर आले असे समजावे! दिवा नाही, आवाज नाही. तरी हे दोन शंकू खलाशांना सावध करतात.

शेवटी कड्यात बांधलेले मिनॅक नाट्यगृह लागते. रोवेना केड या बाईंच्या पुढाकाराने ते उभे राहिले. तिथे पहिले नाटक १९३२ साली झाले. शेजारच्या उंच पायऱ्या जपून उतरा, की पोर्थकर्नोची वाळू पायांखाली येते.

आता बूट काढा आणि जरा बसा. १८७० साली याच वाळूत समुद्राखालून आलेली तार जमिनीवर घेतली गेली. जिब्राल्टर, माल्टा, सुएझ, एडन या मार्गाने ती तारांची साखळी थेट मुंबईला जोडलेली होती. ज्या बातमीला जहाजाने कित्येक आठवडे लागत, ती आता काही मिनिटांत पोहोचू लागली.

त्या दूरच्या किनाऱ्याचे आपल्या किनाऱ्याशी असे जुने नाते आहे. मोटारीने गेलो असतो, तर पोर्थकर्नो पाहिले असते. पण ते शंकू आणि रक्षकांची वाट मात्र राहून गेली असती.