एक टप्पा आऊट आणि एक विसरलेला संघ

बेसबॉल हा अमेरिकेचा लाडका खेळ. आपल्याकडे क्रिकेटचं वेड, तसं तिकडे त्याचं. पण आजही तिथल्या काही गावांत हौशी मंडळी तो दीडशे वर्षांपूर्वीच्या नियमांनी खेळतात बरं का! जुन्या पद्धतीचे कपडे, हातात मोजा नाही, चेंडू खालून टाकायचा. आणि एक टप्पा पडून झेल घेतला तरी गडी बाद. म्हणजे आपल्या गल्लीतल्या पोरांचा ‘एक टप्पा आऊट’च की! ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात १९८१ मध्ये असा संघ निघाला. १९९६ मध्ये अशा संघांची संघटनाही झाली.

फिलाडेल्फियातही असा जुन्या नियमांचा संघ आहे. पण त्याच शहरातल्या एका जुन्या संघाची गोष्ट मला तुम्हाला सांगायचीय. त्याचं नाव पिथियन्स. खेळाडू सगळे कृष्णवर्णीय, आणि कप्तान होते शिक्षक ऑक्टेव्हियस कॅटो. १८६७ मध्ये या संघाने राज्याच्या संघटनेत प्रवेश मागितला. तिथे मतं आपल्या बाजूने नाहीत हे दिसल्यावर अर्ज मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीयांना दारं बंदच केली. खेळ चांगला, पण रंग चालत नाही! तरीही १८६९ मध्ये ते गोऱ्यांच्या ‘ऑलिम्पिक’ संघाशी खेळले. हरले, पण पुढे दुसऱ्या एका गोऱ्या संघाला त्यांनी २७-१७ असं हरवलं.

कॅटोंची वाग्दत्त वधू कॅरोलिन लेकाउंट हीसुद्धा शिक्षिका. १८६७ मध्ये कायदा झाला, की ट्रामगाडीत कृष्णवर्णीयांना बसू द्यायचं. तरीही कंडक्टरने तिला चढू दिलं नाही. ती काही रडत घरी गेली नाही. कायद्याची प्रत मिळवली, तक्रार केली, आणि कंडक्टरला शंभर डॉलर दंड करवला. बाई असावी तर अशी!

१० ऑक्टोबर १८७१, निवडणुकीचा दिवस. कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा हक्क मिळून जेमतेम दीड वर्ष झालेलं. त्या दिवशीच्या दंगलीत कॅटोंना रस्त्यात गोळ्या घातल्या. वय अवघं बत्तीस. मारेकरी पुढे निर्दोष सुटला. कप्तान गेला आणि संघही संपला.

दोनच वर्षांनी, १८७३ मध्ये, आपल्या जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. इकडे पुण्यात शिक्षणासाठी झगडा, तिकडे मतासाठी. मला तर ही दोन्ही घरं एकाच वाड्यातली वाटतात.

२०१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलसमोर कॅटोंचा पुतळा उभा राहिला. तब्बल १४६ वर्षांनी! पण त्यांच्या संघाची गोष्ट आज सांगता येते, ती संघाची पत्रं आणि धावांचे तक्ते कुणीतरी जपून ठेवले म्हणून. संस्थेच्या कामात मी रोज बघते, बचत गटाचा पै-पैचा हिशोब वहीत असतो, पण शाळेच्या कबड्डी संघातल्या पोरींची नावं कुठेच नसतात. लग्न झालं की आडनाव बदलतं, अन् खेळ विस्मरणात जातो. तेव्हा एक वही काढा. तुमच्या गावातल्या जुन्या खेळाडू बायकांची माहेरची नावं, साल आणि संघ लिहून ठेवा. वही दहा रुपयांचीच असेल, पण नातींना आपली आजी मैदानावर दिसेल.