नळीत सरकणारी नळी

भाड्याच्या घरांत वाढलेल्या माणसाला जुन्या खिडक्या मापांनी आठवतात. नारायण पेठेतली साडेतीन फुटांची, कोथरूडमधली चार फूट दोन सूत, आणि मधल्या एका घरातली इतकी अरुंद की तिला पडदा लावायचं आम्ही सोडूनच दिलं होतं. इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे एक सूत. सुतार अजूनही या मापानं बोलतात आणि आमच्या घरी बाबाही बोलायचे. कागदाच्या चिठोऱ्यावर माप लिहून ते रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जायचे. तिथे पाइप करवतीनं नेमका कापून मिळायचा, सोबत दोन ब्रॅकेट, टोकांना लावायचे दोन नॉब आणि रिंगांची पुडी. दोन-तीन वर्षांनी घर बदललं की नव्या खिडकीला तो पाइप आखूड पडायचा. लांब पाइप कापता येतो, आखूड वाढवता येत नाही. असे आखूड पाइप माळ्यावर साठत गेले आणि शेवटी आईच्या कुंड्यांतल्या टोमॅटोंना आधार म्हणून उभे राहिले.

मग एका घरबदलीत बाबांनी सरकता दांडा आणला. जाड नळीत बारीक नळी. ओढली की लांबी वाढते, आत ढकलली की कमी होते. तो दांडा पुढे चार घरांत लागला. वस्तू साधी होती, पण तिच्यामुळे आमच्या घरातलं एक काम कायमचं संपलं. घर बदलताना आईनं पडद्यांच्या ट्रंकेत तो दांडा आडवा, मिटवून ठेवलेला मला आठवतो. ही युक्ती कुणाच्या डोक्यातून आली असेल, या प्रश्नानं पुढे मला बरंच वाचायला लावलं आणि त्या वाचनात एक माणूस भेटला. त्याच्याविषयी मराठीत लिहिलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

त्याचं नाव सॅम्युएल रेमंड स्कॉट्रन. जन्म फिलाडेल्फियाचा, १८४०च्या दशकातला. तो कृष्णवर्णीय होता, पण गुलाम नव्हता. स्वतंत्र म्हणून जन्मलेला होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात कृष्णवर्णीय पलटणीला सामानसुमान विकणारा व्यापारी म्हणून तो दक्षिणेत गेला, युद्ध संपल्यावर फ्लोरिडात त्यानं किराणा मालाची दुकानं काढून पाहिली, आणि मग उत्तरेत परत येऊन केशकर्तनाचं दुकान थाटलं. तिथे त्याला पहिली कल्पना सुचली. गिऱ्हाइकाला समोरचा चेहरा दिसतो, मानेमागची कापणी दिसत नाही. समोरासमोर आरसे बसवून माणसाला स्वतःच्या सगळ्या बाजू एकदम दिसतील अशी मांडणी त्यानं केली आणि ३१ मार्च १८६८ रोजी तिचं पेटंट मिळवलं. तो नंतर न्यूयॉर्कलगतच्या ब्रुकलिनमध्ये स्थायिक झाला. दिवसा धंदा सांभाळून कूपर युनियन या संस्थेच्या वर्गांना बसला आणि १८७५ साली तिथून पदवी घेऊन बाहेर पडला.

पडद्यांच्या सामानाकडे तो वळला ते त्यानंतर. त्याच्या नावावरची पेटंटं ओळीनं पाहिली की एक माणूस खिडकीच्या वरच्या चौकटीपाशी किती वर्षं विचार करत उभा होता ते दिसतं. १७ फेब्रुवारी १८८० : कमी-जास्त करता येणारी खिडकीची कॉर्निस, म्हणजे आपण जिला पेल्मेट म्हणतो ती पडद्यावरची पट्टी. १८८३ : आणखी एक कॉर्निस. १८८६ : दांड्याच्या टोकाचा नॉब. १८९२ : पडद्याचा दांडा. १८९३ : दांडा पेलणारं ब्रॅकेट. आधी वरची पट्टी, मग टोक, मग दांडा, मग आधार. तेरा वर्षांत त्यानं पडद्याच्या सामानाचा जवळजवळ पूर्ण संच हाताखालून घातला.

त्या काळच्या न्यूयॉर्क-ब्रुकलिनच्या घरांत हे सामान किरकोळ नव्हतं. दर्शनी दिवाणखान्यात जाड, झुलीसारखे पडदे आणि त्यांच्या माथ्यावर सोनेरी मुलाम्याची किंवा कोरीव लाकडाची कॉर्निस ही मध्यमवर्गाची हौस होती. पण घरागणिक खिडकी वेगळी. प्रत्येक खिडकीसाठी कॉर्निस मापानं बनवायची तर कारागीर हवा, दिवस हवेत, आणि दुकानदारालाही तयार माल मांडता येत नाही. दोन भागांत बनलेली आणि मधे सरकणारी कॉर्निस आली की सगळं गणित बदलतं. दुकानात एकच नग ठेवायचा, गिऱ्हाइकानं तो घरी न्यायचा आणि खिडकीपाशी उभं राहून हवा तेवढा ओढायचा. माप घेण्याचं काम कारागिराकडून घरातल्या माणसाच्या हातात येतं. मला स्कॉट्रनचं मोठेपण इथे दिसतं. आराखड्याच्या टेबलाशी बसून ही कल्पना सुचत नाही. ज्यानं गल्ल्याच्या अलीकडे उभं राहून वर्षानुवर्षं माल विकला आहे, ‘आमच्या खिडकीला हे बसत नाही’ हे वाक्य ज्यानं पुन्हा पुन्हा ऐकलं आहे, त्यालाच ती सुचते. किराणा, सैन्याचं सामान, केशकर्तन या सगळ्या वर्षांचा अनुभव त्या सरकत्या पट्टीत उतरला असावा असं मला वाटतं.

या पेटंटांचं मोल कळायला थोडं मागे जावं लागतं. १८५८ साली अमेरिकेचे महाधिवक्ता जेरेमाया ब्लॅक यांनी मत दिलं की गुलामानं लावलेल्या शोधाला पेटंट देता येणार नाही. मिसिसिपीतल्या एका मालकानं आपल्या गुलामानं, नेडनं, बनवलेल्या कापसाच्या शेतातल्या अवजारावर हक्क मागितला होता. गुलाम नागरिक नाही, म्हणून तो शोधकर्ता म्हणून शपथ घेऊ शकत नाही. आणि मालकानं शोध लावलेला नाही, म्हणून त्यालाही पेटंट नाही. शोध हवेत लोंबकळत राहिला. स्कॉट्रन स्वतंत्र असल्यामुळे हा अडसर त्याच्यापुढे नव्हता. १८२१ सालीच थॉमस जेनिंग्ज या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाला कपडे धुण्याच्या कोरड्या पद्धतीचं पेटंट मिळालेलं होतं. पण ज्या १८६८ साली स्कॉट्रनच्या आरशांना पेटंट मिळालं, त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेची चौदावी घटनादुरुस्ती मंजूर होऊन मुक्त झालेले सारे गुलाम नागरिक झाले. आता नेडसारख्यालाही स्वतःच्या सहीनं अर्ज करता येणार होता.

तरीही कृष्णवर्णीय शोधकर्ते कोण होते ते कळायला मार्ग नव्हता. पेटंटच्या कागदावर वर्ण लिहीत नाहीत. पेटंट कार्यालयातच परीक्षक असलेल्या हेन्री बेकर या कृष्णवर्णीय माणसानं देशभरच्या वकिलांना हजारो पत्रं लिहून ती नावं गोळा केली. तिकडे १० ऑगस्ट १८९४ रोजी दक्षिण कॅरोलिनाचे लोकप्रतिनिधी जॉर्ज वॉशिंग्टन मरे यांनी अशा ९२ पेटंटांची यादी संसदेच्या कामकाजात नोंदवून घेतली. बेकरनं जमवलेली माहिती १९००च्या पॅरिस प्रदर्शनातही मांडली गेली. स्कॉट्रनची पेटंटं आज आपल्याला एका कृष्णवर्णीय माणसाची म्हणून दिसतात ती बेकरच्या या चिकाटीमुळे.

स्कॉट्रन फक्त दांडे विकून थांबला नाही. १८७२ साली हेन्री हायलंड गार्नेट या नामांकित धर्मोपदेशकासोबत त्यानं क्यूबातल्या गुलामीविरुद्ध समिती उभी केली. स्वतःच्या देशातली गुलामी कायद्यानं संपली, म्हणजे आपलं काम झालं असं या माणसांनी मानलं नाही. क्यूबात गुलामी १८८६ साली संपली, त्याच्या दांड्याच्या नॉबला पेटंट मिळालं त्याच वर्षी. पुढे १८९४पासून आठ वर्षं तो ब्रुकलिनच्या शिक्षण मंडळाचा सभासद होता.

हे वाचताना मला राहून राहून पुणं आठवलं, आणि त्याचं कारण माझं पुणेकर असणं एवढंच नाही. क्यूबा समितीनंतरच्याच वर्षी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. जोतीराव आणि स्कॉट्रन यांना एकमेकांची नावं माहीत असण्याचं कारण नाही. पण जोतीरावही धंदा करणारे होते : बांधकामाचे ठेकेदार, धातूच्या ओतकामाचं साहित्य पुरवणारे. पुणे नगरपालिकेत ते सभासद होते आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली. एक माणूस पुण्यात, एक ब्रुकलिनमध्ये. दोघंही स्वतःच्या कमाईवर उभे आणि त्या कमाईच्या बळावर शाळेच्या प्रश्नात शिरलेले. आपल्याकडे समाजसुधारकाच्या धंद्याविषयी आपण फार थोडं लिहितो. ते लिहायला हवं, कारण त्यांच्या मतांना धार येते ती हिशेबाच्या वहीतूनही.

आता पुन्हा दांड्याकडे. नळीत नळी सरकवणं सोपं दिसतं, पण अडचण सुरू होते ती दांडा ओढल्यावर. पडद्याचं वजन लांबीभर सारखं पसरलेलं असतं आणि दांडा दोन टोकांवर टेकलेला असतो. अशा वेळी मधोमध येणारा बाक लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो. लांबी दुप्पट केली तर बाक सोळापट. तीन फुटांवर न दिसणारा बाक सहा फुटांवर डोळ्यात भरतो तो यामुळे. त्यात सरकत्या दांड्याची आतली नळी बारीक असते, आणि नळीचा ताठपणा तिच्या व्यासावर फार अवलंबून असतो. पत्रा तेवढाच जाड ठेवून १६ मिलिमीटरऐवजी २५ मिलिमीटरची नळी घेतली तर ताठपणा जवळपास चौपट होतो. म्हणून दांडा पूर्ण ओढून वापरू नये. दोन्ही नळ्या एकमेकींत चांगल्या वीतभर गुंतलेल्या राहू द्याव्यात आणि खिडकी रुंद असेल तर मधे तिसरं ब्रॅकेट द्यावं. ब्रॅकेटचे पैसे वाचवणाऱ्या घरांत मधे लोंबलेले पडदे दिसतात आणि दोष दांड्याला दिला जातो.

आपल्याकडची साधी स्प्रिंगही याच कुळातली. प्लास्टिकचं वेष्टण असलेली गुंडाळी तार, दोन टोकांना फिरवून बसवायचे आकडे, चौकटीत दोन हूक. अर्ध्या खिडकीचे पडदे महाराष्ट्रातल्या लाखो स्वयंपाकघरांत तिच्यावरच लटकले. तिचं माप घेण्याची रीत अशी की खिडकीपेक्षा दोनेक इंच आखूड कापायची, म्हणजे ती ताणलेली राहते. नेमक्या मापाची कापली तर पहिल्या धुण्यानंतर जड झालेला पडदा तिला खाली ओढतो.

गुंडाळून वर जाणाऱ्या पडद्याची गोष्ट वेगळ्या माणसाची आहे. स्टुअर्ट हार्टशॉर्न यांना ११ ऑक्टोबर १८६४ रोजी स्प्रिंगच्या रूळाचं पेटंट मिळालं. पोकळ लाकडी रूळात स्प्रिंग, टोकाला दात्यांचं चाक आणि एक सैल खिटी. पडदा खाली ओढला की स्प्रिंग पिळली जाते. हात थांबला की खिटी स्वतःच्या वजनानं दात्यात पडते आणि पडदा तिथेच थांबतो. हलका झटका दिला की खिटी सुटते, रूळ वेगानं फिरू लागतो, आणि त्या वेगामुळेच खिटी बाहेर फेकलेली राहते, दात्यात पडू शकत नाही. हळू फिरला तर थांब, वेगानं फिरला तर जा, एवढा निर्णय एक लोखंडी तुकडा गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर घेतो. मला ही रचना फार सुंदर वाटते. त्यातून मिळालेल्या पैशावर हार्टशॉर्न यांनी न्यू जर्सीत शॉर्ट हिल्स नावाची वस्ती वसवली. दांड्यांकडे परत यायचं तर, चार्ल्स कर्श यांचा चपटा सरकता दांडा १९०७चा. त्यांच्या कारखान्यामुळे मिशिगनमधलं स्टर्जिस हे छोटं गाव पडद्यांच्या दांड्यांसाठी ओळखलं जाऊ लागलं.

दोऱ्यांच्या पडद्यांविषयी मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. खाली लोंबणाऱ्या दोरीच्या फासात लहान मुलं अडकून दगावली आहेत, म्हणून अमेरिकेत डिसेंबर २०१८पासून दुकानात तयार मिळणाऱ्या पडद्यांसाठी मोकळी दोरी नको असा दंडक आला. आपल्या घरात लहान मूल असेल आणि पट्ट्यांचे पडदे असतील, तर पलंग किंवा पाळणा खिडकीपासून दूर हलवा आणि दोरी उंच गुंडाळून ठेवा.

भोक न पाडता बसणारा, भिंतींमध्ये दाबून धरणारा दांडा हा या घराण्यातला सर्वांत लाडका. आत स्प्रिंग किंवा आट्यांचा स्क्रू, टोकांना रबरी टोप्या. दाब जितका जास्त, तितकं घर्षण जास्त, तितकं वजन तो पेलतो. साध्या डिस्टेंपरच्या भिंतीवर मात्र टोपीखाली रंगाची भुकटी होते आणि दांडा रात्री-बेरात्री घसरतो. ऑइल पेंट किंवा टाइल असेल तर घट्ट धरतो. न्यू जर्सीत भाड्यानं राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या करारातच भिंतीला भोक पाडायला मनाई आहे. तिच्या घरातल्या चारही खिडक्यांना असेच दांडे आहेत, आणि शॉर्ट हिल्स तिच्यापासून तासाभराच्या आत आहे.

स्कॉट्रनचं नाव ब्रुकलिनमधून आणखी एका वाटेनं पुढे गेलं. त्याच्या नातीची, एडना स्कॉट्रनची, मुलगी लीना हॉर्न १९१७ साली तिथेच जन्मली आणि गायिका, अभिनेत्री म्हणून जगाला माहीत झाली.

बाबांचा तो सरकता दांडा आता माझ्या खोलीत आहे. त्याला एकच खोड आहे : जिथे बारीक नळी जाड नळीत शिरते तिथे कड उभी राहते आणि पडदा ओढताना रिंग तिथे अडते. गेल्या दिवाळीला रंगकामानंतर दांडा परत बसवायला आलेल्या सुतारानं तो हातात घेतला, उलटा फिरवला आणि सांधा डाव्या टोकाकडे, पडदा गोळा होऊन राहतो त्या बाजूला नेला. त्या बाजूला रिंगा सरकवाव्याच लागत नाहीत. मग त्यानं पट्टीनं माप घेतलं, नळी दोन सूत आत ढकलली आणि स्क्रू आवळला.