चित्रपटाची चोरी आणि कायद्याचा सोयीचा धाक

ऑगस्ट २०१६ मध्ये, न्यायालयाच्या आदेशाने बंद झालेल्या इंटरनेट दुव्यांवर एक सूचना दिसू लागली. बेकायदा प्रत पाहणे, उतरवून घेणे, दाखवणे किंवा तिची नक्कल करणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांचा तुरुंगवास आणि तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असे तीत बजावले होते, आणि साहजिकच देशभर घबराट पसरली. सूचनेचा उगम मुंबई उच्च न्यायालयातील एका दाव्यात होता. २९ जुलै रोजी प्रदर्शित होणाऱ्या 'ढिशूम' या चित्रपटासाठी इरॉस कंपनीने 'जॉन डो' आदेश, म्हणजे नावगाव ठाऊक नसलेल्या संभाव्य चोरांविरुद्ध आगाऊ मनाई हुकूम, मागितला होता. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी संकेतस्थळे सरसकट बंद करण्यास नकार देऊन प्रत्येक दुवा तपासून शपथेवर मांडण्याची अट घातली. पुढे सूचनेचा मजकूर समोर आल्यावर, नुसते पाहणे हा गुन्हा नसून बेकायदा प्रतीचे वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणे हा गुन्हा आहे, असेही त्यांनी स्पष्ट केले.

कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. कायद्याच्या नावाने लोकांना धाक घालणाऱ्या सूचनेने त्या कायद्याचाच अर्थ ताणला होता. हा अतिरेक नवाही नव्हता. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशातील ४७२ संकेतस्थळांच्या पहिल्या यादीत गूगल डॉक्ससारखी सर्वसाधारण सेवाही होती, आणि ती यादी नंतर २१९ वर आणावी लागली.

चोरीविरुद्धच्या मोहिमेत कलावंताच्या पोटाचा दाखला नेहमी दिला जातो. हा दाखला देणाऱ्या उद्योगाचा स्वतःचा इतिहास मात्र फारसा उजळ नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या एका निकालानंतर, वेगळा करार नसेल तर चित्रपटासाठी लिहिलेल्या गीतांचे आणि संगीताचे हक्क निर्मात्याकडेच जात, आणि वेगळा करार करून घेण्याइतके बळ बहुतेक गीतकारांकडे नव्हते. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत लावून धरलेली दुरुस्ती २०१२ मध्ये झाली, तेव्हा कोठे गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा, म्हणजे कृतीच्या प्रत्येक वापरामागे मिळणाऱ्या मोबदल्याचा, वाटा निर्मात्याला लिहून देता न येण्याजोगा ठरला. तो गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेची दुरुस्त कायद्याखाली नोंदणी होण्यास नोव्हेंबर २०१७ उजाडला.

प्रेक्षकाचा दुटप्पीपणाही लपणारा नाही. मोबाइलच्या डेटासाठी दर महिन्याला बिनतक्रार पैसे मोजणारा माणूस त्याच डेटावर आलेला चित्रपट फुकट मिळणे हा आपला हक्क समजतो, आणि मराठी चित्रपट चालत नाहीत अशी हळहळही तोच व्यक्त करतो. पण नैतिक दोष आणि कायदेशीर उत्तरदायित्व यांची गल्लत करता येत नाही, आणि उत्तरदायित्वाची वाटणी तपासली तर ती बरीच विषम दिसते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणात कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. दखलपात्र म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात असा. समजा, खुलताबादसारख्या तालुक्याच्या गावात एखादा मोबाइल दुरुस्तीवाला पन्नास रुपयांत मेमरी कार्डात चित्रपट भरून देत असेल, तर तो या व्याख्येत नेमका बसतो, आणि कलम ६४ खाली पोलीस उपनिरीक्षकही त्याच्या बेकायदा प्रती व त्या बनवण्याची साधने वॉरंटाशिवाय जप्त करू शकतो. ज्या मंचावरून ती प्रत आली, त्याला मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चे संरक्षण आहे. इतरांनी टाकलेल्या मजकुराबद्दल मध्यस्थ कंपनी, तिला त्याची प्रत्यक्ष माहिती नसेल आणि कायद्याने सांगितलेली दक्षता तिने घेतली असेल, तर जबाबदार धरली जात नाही. २०१६ च्या मायस्पेस निकालात दिल्ली उच्च न्यायालयाने ही माहिती मोघम नव्हे, तर विशिष्ट कृतीपुरती असली पाहिजे असे ठरवले. त्यामुळे कंपनीने तक्रार आलेला दुवा वेळेत काढला की तिची बाजू बहुधा सावरते. त्याच चित्रपटाचा दुसऱ्या नावाने चढलेला दुवा शोधून पुन्हा तक्रार करण्याचे काम निर्मात्याकडे राहते, आणि ज्या छोट्या मराठी निर्मात्याकडे त्यासाठी वकील नाही, तो बहुधा ते करतच नाही.