जुन्या गाडीचं पाणी जातं कुठं?

दहा-पंधरा वर्षं चाललेली गाडी खंबाटकी चढताना तापली की पहिला प्रश्न येतो, 'का तापली?' गॅरेजमध्ये याची उत्तरं तयारच असतात: थर्मोस्टॅट काढून टाकू, रेडिएटर बदलू, हेड खोलू. माझ्या मते त्याआधी विचारायचं ते हे, की पाणी कमी होतंय का? होत असेल तर ते जातंय कुठं हे शोधायचं. होत नसेल, तर पुरेसं पाणी असूनही उष्णता बाहेर का पडत नाही हे शोधायचं. या दोन तपासांची सरमिसळ झाली की सुटे भाग बदलत जातात आणि गाडी तापतच राहते.

तपास सकाळी करावा, रात्रभर उभ्या असलेल्या गार गाडीवर. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही; दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. मारुती ८०० सारख्या गाडीत रेडिएटरचंच झाकण काढून आत बघा. बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीवर विसंबू नका. टाकी भरलेली आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा, असं पुष्कळदा दिसतं. अशा वेळी पहिला संशय झाकणावर घ्यावा.

हे झाकण दिसतं साधं, पण त्यात दोन व्हॉल्व्ह असतात. पाणी तापून फुगलं की एक उघडतो आणि जास्तीचं पाणी टाकीत जातं. इंजिन गार झालं की दुसरा उघडतो आणि तेच पाणी परत ओढलं जातं. रबर कडक झालं की ही परतीची वाट बंद पडते. शिवाय झाकणावर ०.९ सारखा आकडा कोरलेला असतो, तो दाबाचा. एवढ्या दाबाखाली साधं पाणीही ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. झाकण दाब धरत नसेल तर समुद्रसपाटीला ते १०० अंशांना उकळेल आणि महाबळेश्वरच्या उंचीवर साधारण ९५ अंशांनाच, म्हणजे फॅन जेमतेम सुरू होण्याच्या सुमारास. एवढ्याशा झाकणापायी इंजिन उकळतं, म्हणून मी तरी ते सगळ्यात आधी बदलेन.

झाकण ठीक असेल तर गळती शोधायची. गाडीखाली एसीचंही पाणी पडतं; त्याला रंग नसतो, वास नसतो. कूलंट रंगीत, किंचित चिकट, गोडसर वासाचं असतं आणि वाळल्यावर पांढरट किंवा हिरवट डाग सोडतं. ते डाग होजच्या क्लिपांपाशी, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला जिथं दाबून बसवलेली असते त्या सांध्यावर आणि वॉटर पंपाखाली शोधा. पंपाच्या अंगावर एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून पाझर सुरू होतो. ते छिद्र बुजवणं हा उपाय नव्हे, पंप बदलायचा. पायाखालची मॅट ओली आणि काचेवर पुसूनही न जाणारं तेलकट धुकं, असं असेल तर हीटरची जाळी फुटलेली आहे. काहीच दिसत नसेल तर हातपंप लावून गार इंजिनातच झाकणावरच्या आकड्याइतका दाब द्यायला सांगा. दहा-पंधरा मिनिटांत काटा उतरला तर गळती नक्की आहे.

दाब उतरतो, पण बाहेर थेंब नाही, म्हणजे पाणी इंजिनाच्या आत जातंय. इथं हेड गॅस्केटचा संशय येतो, पण पुरावा मिळाल्याशिवाय हेड खोलू देऊ नका. गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा असू शकत नाही. सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. गाडी तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणं ही दुसरी खूण. ऑइलच्या झाकणाखालचा दुधाळ थर मात्र फसवा असतो, रोज दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही येतो. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवू नका. शंका उरलीच तर रेडिएटरच्या तोंडाशी धरायचं निळं रसायन मिळतं. धुरातला वायू लागला की ते पिवळं पडतं.

आता दुसरा तपास. पाणी पूर्ण आहे, तरी गाडी तापते. कधी तापते ते बघा. सिग्नलला तापते आणि मोकळ्या रस्त्यावर गार होते, तर फॅन. मोटारला बॅटरीची थेट वायर लावा. फिरली तर दोष स्विच, रिले किंवा फ्यूजमध्ये, नाही फिरली तर मोटारच गेली. उलट, वेगात किंवा चढावर तापत असेल तर रेडिएटर चोंदलेला असण्याची शक्यता मोठी. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेल्या गाडीत क्षार साचून आतल्या बारीक नळ्या बुजतात. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा रस्त्यावरचा इलाजही त्याच नळ्यांत जाऊन बसतो. घरी पोहोचण्यापुरता तो ठीक, पण जुनी गाडी विकत घेताना झाकणाखाली पिवळा गाळ दिसला तर भाव करण्याआधी विचार करा.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय आपल्याकडे फार आहे. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि तोवर इंजिनाला लवकर तापू देतो. तो काढला की इंजिन गारठलेलं राहून पेट्रोल जास्त पितं, आणि काही इंजिनांत गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आतच फिरत राहतं. अडकला असेल तर नवा बसवा.

तापमानाच्या काट्याबद्दल एक इशारा. चढावर गेलेला काटा अचानक खाली आला म्हणून हायसं वाटून घेऊ नका. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला तरी काटा उतरतो. तिथंच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं.

दुरुस्तीनंतर भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, आणि वेगळ्या जातींची कूलंट एकमेकांत मिसळायची नाहीत. हीटर पूर्ण गरमवर ठेवून झाकण उघडंच ठेवून इंजिन सुरू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. आत अडकलेली हवा पुढच्या दोन-तीन दिवसांत निघते, तेवढी पातळी खाली येईल. त्यानंतरही रोज भरावं लागलं, तर हातपंप पुन्हा लावायला सांगा.