श्वास मोजून द्यावा लागतो

२०२० साली भिवंडीत कोविडची साथ वाढली, तेव्हा शांतीनगरातील मक्का मशिदीत रुग्णांसाठी ऑक्सिजन केंद्र सुरू झाले. ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर हे शब्द त्या वर्षी यंत्रमागांच्या या गावात घरोघरी पोचले. व्हेंटिलेटरची धास्तीही पोचली. ही धास्ती निव्वळ गैरसमज होता का? श्वास देणारे यंत्र फुफ्फुसाला इजा करू शकते का? करू शकते. म्हणूनच ती कशी होते आणि कशी टाळतात, हे समजून घेऊ.

आपल्या फुफ्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. न्यूमोनिया, रक्तातील जंतुसंसर्ग किंवा कोविड यांमुळे त्यांच्या पातळ भिंतींचा दाह झाला, की केशवाहिन्या पाझरू लागतात. कोशांत प्रथिनयुक्त द्रव साचतो, अनेक कोश मिटतात आणि नुसता ऑक्सिजन देऊन भागत नाही. हा तीव्र श्वसनत्रास, म्हणजे 'एआरडीएस'. १९६७ मध्ये अ‍ॅशबॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ रुग्णांवरून त्याचे वर्णन केले.

एरवी श्वासपटल खाली सरकते आणि हवा आत ओढली जाते. व्हेंटिलेटर मात्र हवा आत ढकलतो. ढकललेली हवा सोप्या वाटेने, म्हणजे उघड्या कोशांत जाते. सीटी स्कॅनमध्ये दिसले, की अशा रुग्णात हवा घेणारा भाग फार थोडा उरतो. इटलीचे डॉ. गॅटिनोनी यांनी त्याला 'तान्ह्या बाळाचे फुफ्फुस' म्हटले. मोठ्या माणसाचा श्वास त्यात भरला, तर कोश प्रमाणाबाहेर ताणले जातात. ताणलेल्या कापडात भोक असेल, तर ते भोकाच्या कडेशी आधी फाटते. तसाच मिटलेल्या आणि उघड्या कोशांच्या सीमेवर ताण एकवटतो.

ताणलेल्या पेशी सायटोकाइन नावाची रसायने सोडतात. त्यांच्या हाकेने पांढऱ्या पेशी जमतात आणि दाह वाढतो. ही रसायने रक्तात उतरली, तर मूत्रपिंडासारख्या दूरच्या अवयवांनाही झळ बसू शकते.

मग उपाय काय? श्वास लहान करणे. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला दर किलोमागे १२ मिलिलिटर, तर दुसऱ्याला ६ मिलिलिटर हवा दर श्वासाला दिली होती. मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. लहान श्वासाने रक्तात कार्बन डायऑक्साइड थोडा वाढतो, पण तो बहुधा सोसतो.

हे वजन काट्यावरचे नव्हे, उंचीवरून काढलेले असते. कारण माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुस मोठे होत नाही. पुरुषासाठी सूत्र असे: ५० + ०.९१ × (सेंटिमीटरमधील उंची − १५२.४). स्त्रियांसाठी ५० ऐवजी ४५.५ घेतात. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे उत्तर सुमारे ६६ किलो येते. म्हणजे एका श्वासाला सुमारे ४०० मिलिलिटर. प्रत्यक्ष वजन ९० किलो धरले, तर हाच आकडा ५४० होईल. वर्गात हे गणित जरूर करून पाहावे.

याशिवाय श्वास सोडतानाही थोडा दाब राखतात, म्हणजे कोश पुन्हा मिटत नाहीत. गंभीर रुग्णांना दिवसातले १६ तास पालथे झोपवतात. त्याने ताण अधिक सारखा वाटला जातो. २०१३ मधील फ्रेंच चाचणीत यामुळे २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आले.

व्हेंटिलेटर मूळ आजार बरा करत नाही. फुफ्फुस सावरेपर्यंत तो वेळ मिळवून देतो. हा वेळ नव्या इजेविना मिळावा, म्हणून त्याचा प्रत्येक श्वास मोजावा लागतो.