मनुष्याचा हट्ट आणि ईश्वराची क्षमा : योनाचा रुसवा
(लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात मिसरच्या फारोचे अंतःकरण दर संकटागणिक अधिकच कठीण कसे होत गेले ते आपण पाहिले. परंतु फारोला परमेश्वराची ओळख नव्हती, आणि ज्याला ती पुरेपूर होती अशा मनुष्याचा हट्ट किती चिवट असतो हे पाहावयाचे असेल, तर जुन्या करारातील योना संदेष्ट्याच्या चार लहानशा अध्यायांकडे वळले पाहिजे.

अश्शूरांच्या निनवे नगरीस जाऊन तिला ताकीद द्यावी, असा हुकूम होताच योना याफो बंदरात उतरला आणि रोख भाडे भरून, नेमक्या उलट्या दिशेच्या तार्शीशास निघालेल्या तारवात चढला. पुढील वादळ आणि महामत्स्य सर्वांच्या परिचयाचे आहेत. मूळ ग्रंथात त्या मत्स्याला दोन-तीन वाक्यांपलीकडे जागा नाही, आणि त्याच्यावर खर्ची पडलेले कुतूहल, आमच्या मते, चौथ्या अध्यायाच्या वाट्याला यावयास हवे होते. कारण योनाने अखेर निनवेत जाऊन नाशासाठी सांगितलेली चाळीस दिवसांची मुदत सरण्याची वाट न पाहता निनवेकर गोणताट नेसून उपाशी राहिले, राजा सिंहासन सोडून राखेत बसला, गुराढोरांनाही चारापाणी देऊ नये असे फर्मान निघाले आणि परमेश्वराने शिक्षा रहित केली, तेव्हा ज्याच्या उपदेशाला असे अपूर्व यश आले तो संदेष्टाच संतापून मरण मागू लागला. देव दयाळू व मंदक्रोध आहे हे आपण जाणून होतो आणि म्हणूनच पळालो, असे तो देवालाच सुनावतो.

त्याचा राग अगदीच निराधार होता असे म्हणवत नाही. याच अश्शूरांनी इ.स.पू. 722 च्या सुमारास शोमरोन घेऊन इस्राएलाचे उत्तरेकडील राज्य बुडविले. तथापि देवाचे जे गुण योना तक्रारीच्या सुरात मोजून दाखवितो, ते त्याच्याच पूर्वजांनी सोन्याचे वासरू पुजल्यानंतर सीनाय पर्वतावर मोशेपुढे प्रकट झाले होते. ज्या क्षमेवर त्याचे सबंध राष्ट्र जगले, ती दुसऱ्याच्या नावे वर्ग होताना मात्र त्याला सोसवत नाही.

अशा सेवकाला परमेश्वर बडतर्फ करीत नाही. नगरीचे काय होते ते पाहण्यासाठी योना तिच्या पूर्वेस मांडव घालून बसतो, तेव्हा देव त्याच्या डोक्यावर सावलीसाठी एक वेल चढवितो. दुसऱ्या पहाटे किडीने तो वेल वाळतो, पूर्वेचा दाहक वारा सुटतो, आणि उन्हाने घेरी आलेला योना वेलासाठी जिवावर उदार होतो. तेव्हा देव एवढेच विचारतो की, न लावलेल्या वेलासाठी याचा जीव इतका तुटत असेल, तर 1,20,000 हून अधिक अजाण माणसांसाठी आणि तेथील मुक्या गुरांसाठी देवाचा जीव का तुटू नये?

ग्रंथ या प्रश्नावरच थांबतो. योनाचे उत्तर नमूद नाही. निनवेपाशी निदान पश्चात्ताप तरी होता. योनापाशी तोही नव्हता, तरी देव त्याची समजूत घालीत राहिला, आणि ईश्वरी सहनशीलतेचे याहून मोठे प्रमाण आम्हांस जुन्या करारात दुसरे आढळत नाही.

लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा थोरला भाऊही असाच रुसून अंगणात उभा राहतो आणि त्याला विनविण्यास बाप स्वतः बाहेर येतो. पुढील लेखांक त्याच्याविषयी असेल; वाचकांनी तत्पूर्वी तेथील 15 वा अध्याय अवश्य वाचून ठेवावा.